गडग्यापलीकडची आसरा

किस्से गोळा करायला मुद्दाम कुणी जात नाही. ते किनाऱ्यावरच्या वाळूसारखे असतात. चालताना कळत नाही, घरी येऊन चपला झाडल्या की ढीग निघतो! बत्तीस वर्षं मी तालुक्याच्या बातम्या लिहिल्या. रस्ते, बंदर, पाणी, वीज, सगळ्यांशी भांडलो. पण त्या बत्तीस वर्षांत झाला नाही एवढा ढीग गेल्या एका वर्षात झाला, आणि तोही एका गाण्यांच्या अल्बममुळे.

त्याची सुरुवातही भांडणानंच झाली. केदार मूळचा मिठबावचा. मुंबईत जाहिरातींना संगीत देतो. त्यानं कोकणातल्या भुताखेतांवर एक गाणं करून इंटरनेटवर टाकलं. त्यात आसरा माणसांचं रक्त पितात असं होतं. आसरा! आमच्याकडच्या पाण्यातल्या सात बहिणी. विहिरीत राहतात, ओहोळाच्या खोल कोंडीत राहतात, लग्नघराला दागिने उसने देतात. अपमान केला तर ताप आणतील. पण रक्त? मी माझ्या सदरात त्या गाण्याची सालटी काढली. शेवटचं वाक्य होतं : 'या गृहस्थांनी आधी आपल्या आजीला विचारावं आणि मग गाणी करावीत.'

तिसऱ्या दिवशी फोन आला. मी बाह्या सरसावूनच उचलला.

"काका, मी केदार. आजी आता नाही. तुम्हाला विचारू का?"

माझ्या लेखांनी आजवर एक खड्डा बुजला नाही. आणि हा पोरगा सरळ सुधारला!  भांडायला आलेल्या माणसाला चहा दिला की त्याचं जे होतं तेच माझं झालं. मी त्याच्या अल्बमची गाणी लिहायला बसलो.

आठ गाणी ठरली. देवचार, चकवा, मुंजा आणि त्यांचे भाऊबंद मिळून सात. आठवं गाणं मात्र आम्ही लिहायचं नव्हतं, मिळवायचं होतं. आसरांचं जुनं लग्नातलं गाणं. केदारनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "काका, ते मिळालं नाही तर अल्बम काढायचाच नाही. बाकीची सात त्याच्या मागून चालणारी वरात आहे."

ते गाणं येणारी बाई मला माहीत होती. तोंडवलीची सुलूकाकी. खूप वर्षांपूर्वी तिची एक बातमी मीच केली होती, एवढं आठवत होतं.

*

सुलूकाकीचं वय पंच्याहत्तरच्या पुढं. आम्ही गेलो तेव्हा पडवीत बसून माडाच्या पात्यांचे हीर काढत होती, केरसुणीसाठी. मला बघून म्हणाली, "तू? तू परत इलंस?"

मला वाटलं, कौतुकानं म्हणतेय.

केदारनं तिला समजावायला घेतलं. "आजी, बाहेरच्या देशांत पऱ्यांच्या गोष्टींवर आख्खे अल्बम निघतात. आपल्या आसरा म्हणजे पऱ्याच ना?"

"परी म्हंजे ती पंखांची?"

"हो, तीच."

"आसरांका पंख कित्याक? ज्येंका पाय भिजवची भीती, त्येंका पंख!"

केदारनं हे ताबडतोब मोबाइलवर टिपून घेतलं. मग विचारलं, "गाणं म्हणाल?"

"नाय."

"का?"

"दोघींचा गाना ता. एक काठावरची, एक पाण्यातली. मी काठावरची."

मग तिनं रीत सांगितली. लग्नाच्या आदल्या दिवशी वाडीतल्या बायका कोंडीवर जायच्या. एक बाई काठावरची आई व्हायची आणि मुलीसाठी एकेक दागिना उसना मागायची. दुसरी पाण्यातली आसरा व्हायची आणि अट घालून तो द्यायची. एकदा जी काठावरची झाली, तिनं जन्मभर काठावरचीच राहायचं. आसराच्या ओळी तिनं तोंडात घ्यायच्या नाहीत.

"मग पाण्यातली कोण?" मी विचारलं.

काकीनं हातातला हीर खाली ठेवला आणि माझ्याकडं वळली. "तुका ठावक नाय?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. परतीच्या वाटेवर बाबलनं सांगितलं. बाबल आमचा पखवाजवाला, दशावतारात वाजवून हात तयार झालेला, तोंड त्याहून तयार. "तिची जाव रे. रुक्मिणीकाकी. त्या गडग्याच्या पलीकडे घर आसा, ती."

दोन घरांमध्ये छातीएवढा गडगा होता. चिरे नुसते एकावर एक रचलेले, मध्ये ना माती ना सिमेंट.

"एकोणीस वर्षां दोघी एकमेकींशी बोलनत नाय," बाबल म्हणाला.

"भांडण कशावरनं?"

"माका काय म्हायत? पेपरवालो तू!"

*

तर तिकडं अर्धं गाणं गडग्याच्या या बाजूला, अर्धं त्या बाजूला. इकडं आम्ही उरलेल्या सातांचं रेकॉर्डिंग सुरू केलं. स्टुडिओ कुठला? मिठबावला केदारच्या वडिलांची आंब्याची खोली! हापूसची अढी घालायची ती. खाली पेंढा, भिंतीला लागून रिकाम्या लाकडी पेट्यांच्या थप्पी, खिडकीला गोणपाट. केदारनं पेट्यांत आणखी पेंढा कोंबला, वर घरातल्या गोधड्या टाकल्या. आत टाळी वाजवली तर ती हातातच मरायची.

वडिलांची अट एकच : "आंबो उतरलो काय गाणा भायर!"

म्हणजे आंबा उतरायच्या आत आठही गाणी संपवायची. कुठल्या मोठ्या कंपनीनंसुद्धा अशी डेडलाइन दिली नसती. कंपनीशी वाद घालता येतो, मोहराशी नाही.

पहिला तुकडा केदारनं मुंबईतल्या त्याच्या मित्राला पाठवला. तो मोठ्या स्टुडिओत साउंड इंजिनिअर. त्याचा लगेच फोन.

"अरे, इतकी शांत रूम! कुठला स्टुडिओ हा? भिंतींना मटेरिअल काय वापरलंय?"

केदार गंभीरपणे म्हणाला, "हापूस."

पलीकडं त्यानं ते लिहून घेतलं. मग, "इम्पोर्टेड आहे का?"

"नाही. एक्स्पोर्टचा आहे!"

*

रेकॉर्डिंगच्या आधी गाऱ्हाणं घालायचं, हा बाबलचा हट्ट. कामाला हात लावण्यापूर्वी देवाला सगळं नीट सांगायचं, काय करणार आहोत, काय होऊ नये. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. मी म्हटलं, घाला. देवचारावर गाणं करायचं आणि त्याला कळवायचंसुद्धा नाही, हे माझ्या पत्रकारितेत बसत नाही.

बाबलनं नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा! आज जो काय ह्या मिठबावच्या लेकरान तुज्या पुढ्यात नारळ ठेवलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या मायकाक, तेच्या लेपटापाक कसलीय बाधा येव नये..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि लाईट जाव नये..."

इथं तर मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "व्हय म्हाराजा!" विजेच्या प्रश्नावर मी जितके लेख लिहिले तितके कुणीच लिहिले नसतील.

पण खरी मजा फ्रान्सिस सरांची. सर मालवणचे. शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेले, आता चर्चच्या गायकांना शिकवतात आणि आमच्याकडं व्हायोलिन वाजवतात. पहिला 'व्हय म्हाराजा' त्यांनी साधा म्हटला. दुसऱ्याला त्यांनी वरचा सूर धरला. तिसऱ्याला बाबलच्या पोटातला खर्ज, मधे आम्ही आणि वर सर. गाऱ्हाणं हार्मनीत झालं! केदार म्हणाला, "सर, हे रेकॉर्ड करायला हवं होतं."

सर म्हणाले, "देवाकडे गेलं ना? मास्टर कॉपी तिकडे आहे."

लाईट दिवसभर गेली नाही. देवाशपथ! पण दर टेकच्या शेवटी, बरोबर शांततेत, शेजारचा कोंबडा आरवायचा. अकरा टेक वाया गेले. सगळे बाबलकडं बघायला लागले.

"कोंबड्याचा गाऱ्हाण्यात घालूक इसारलंय," बाबल म्हणाला. "पण तुमी तरी खंय आठवण केलास?"

दुसऱ्या दिवशी पुरवणी गाऱ्हाणं घातलं. रविवारी शेजारणीनंच जेवायला बोलावलं. वडे आणि कोंबड्याचा रस्सा! जेवता जेवता फ्रान्सिस सर म्हणाले, "देव ऐकतो नक्की. फक्त कुणाच्या बाजूनं ऐकेल, ते त्याला विचारायचं नाही."

*

देवचार म्हणजे गावाचा राखणदार. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, वेशीवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो. केदारनं त्याच्या गाण्यासाठी चाल केली ती अशी की ऐकून मला घाम फुटला.

फ्रान्सिस सर भडकले. मी त्यांना भडकलेलं तेव्हा एकदाच पाहिलं. "तुला कुणी सांगितलं तो घाबरवतो? माझी आई लहानपणी बाजारातून येताना वाट चुकली होती. काठीचा आवाज पुढे पुढे गेला, ती मागे मागे गेली. दारात आली तर पुढे कुणी नाही. आमच्या घरात अजून त्याच्या नावाची मेणबत्ती लागते. फादरना ठाऊक आहे, आणि ते बघून न बघितल्यासारखं करतात. आणि तू त्याला व्हिलन करतोस?"

केदारनं चाल पुसून टाकली. मग प्रश्न आला, देवचार चालतो तरी किती वेगानं? कॉम्प्युटरला लयीचा आकडा लागतो. बाबल म्हणाला, "म्हातारो तो. घायेत कित्याक आसात?"

म्हणून आम्ही वाडीतले सगळ्यात म्हातारे गृहस्थ शोधले. आबू. नव्वदीला टेकलेले, काठी टेकत रोज सकाळी ओहोळापर्यंत जाऊन येणारे. केदार माइक घेऊन त्यांच्या मागून चालला. एकदा, दोनदा, तीनदा. काठी, पाऊल, पाऊल. काठी, पाऊल, पाऊल. तिसऱ्या फेरीला आबू थांबले.

"माका कित्याक चलयतास रे?"

केदार भाबडेपणानं म्हणाला, "आबा, देवचाराच्या पावलांचा आवाज हवाय."

आबूंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मेल्या, आधी माका मरांदी तरी!"

हे वाक्य गाण्याच्या शेवटी ठेवलंय. आबूंची परवानगी घेऊन. ते म्हणाले, "ठेव. नायतर लोक इस्वास ठेवचे नाय, मी जितो आसंय म्हणान."

*

सगळंच गोड चाललं होतं असं नाही. मला भांडायची संधी मिळाली! किनाऱ्यावर नवं रिसॉर्ट काढलेला एक मालक आमच्याकडं आला. नाव घेत नाही, कारण तो नंतर चांगला वागला. म्हणाला, "अल्बमचा कार्यक्रम माझ्या लॉनवर करा. स्टेज, लाईट, जेवण माझं. फक्त कव्हरवर आसरा जलपरीसारखी पाहिजे. खाली माशाची शेपटी. टुरिस्टला तेच समजतं."

मी सुरू झालो. अर्धा तास बोललो. परंपरा काढली, बाजार काढला, त्याची वाळू कुठून आली तेही काढलं. तो शांतपणे ऐकत होता. अशी माणसं ऐकूनच घेतात, म्हणून तर रिसॉर्टं होतात.

सुलूकाकी त्या दिवशी आमच्याबरोबर होती. देवचाराच्या गाण्यात कोरसला आली होती. तिनं मालकाला जवळ बोलावलं.

"बाबा, तुजी व्हीर खंय आसा?"

"रिसॉर्टच्या मागे. का?"

"नाय, असाच इचारलंय. आसरांका शेपटी लावलंस तर त्येंका आधी कोणाच्या व्हीरीत जावचा ता ठावक असलेला बरा."

शेपटी गेली. लॉन मिळालं, जेवणही मिळालं. माझ्या अर्ध्या तासाला जमलं नाही ते एका वाक्यात! परत येताना मी म्हटलं, "काकी, तुम्ही पेपरात हव्या होत्यात."

ती म्हणाली, "पेपरान माजा एकदा केलेला पुरे झाला."

त्या वाक्यावर मी विचार करायला हवा होता. केला नाही.

*

माघ संपत आला, सात गाणी झाली. आंबा गळ्याशी आला होता. केदारनं सुलूकाकीला पुन्हा पुन्हा विचारलं, उत्तर तेच : "दुसरीक इचार." दुसरीला विचारायला जायची कुणाची छाती नव्हती. शेवटी मी एकटा गेलो. म्हटलं, आपण मंत्र्याला अडवलेली माणसं, एका म्हातारीला काय घाबरायचं!

रुक्मिणीकाकीनं मला बसायला पाट दिला. सरबत दिलं. मी पेला खाली ठेवेपर्यंत थांबली. मग आतून ट्रंकेतलं एक प्लास्टिकचं पाकीट आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"वाच. मोठ्यान वाच."

वर्तमानपत्राचं कात्रण होतं. पिवळं पडलेलं. मी मथळा वाचला : 'आसरांचं गाणं जाणणारी एकमेव गायिका'. सावंतवाडीला महिलांचा मेळावा झाला होता, त्याची बातमी. सुलूकाकीचा फोटो. गाण्याची शेवटची ओळसुद्धा छापलेली : 'रवांदे गो बाये, चेडवाच्या नाकार बरी दिसता.' राहू दे बाई, लेकीच्या नाकावर नथ शोभते.

"कोणी लिवल्यान?"

बातमीवर माझं नाव होतं.

"मी थयच होतंय," रुक्मिणीकाकी म्हणाली. "पयल्या रांगेत. ताप भरलेलो, आवाज बसलेलो, म्हणान वर गेलंय नाय. लोक थांबले होते, म्हणान तिन माज्या ओळी म्हटल्यान. ता मी इसारलंय असतंय. पण तू 'एकमेव' लिवलंस. दुसऱ्या दिसा सकाळी पेपर इलो, आख्ख्या वाडीन वाचल्यान. आणि ती एक शबूद बोलाक नाय, का ह्या खोटा म्हणान."

 समोर पाच फुटांवर बसलेल्या बाईला न विचारता मी 'एकमेव' लिहिलं होतं. उभ्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना मी 'लोकांना विचारलंत का?' म्हणून झापत आलो. केदारला आजीला विचार म्हणून सुनावलं. आणि दोन जावांमधल्या एकोणीस वर्षांच्या गडग्याचा पहिला चिरा मीच ठेवला होता!

"काकी, चुकलो," मी म्हटलं.

"माका सांगान काय उपेग? पेपरात सांगितलंस, पेपरात सांग."

*

आमचे आताचे संपादक तिशीतले. मी दुरुस्तीचा मजकूर टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"काका, ही बातमी आली तेव्हा मी शाळेत होतो."

"मग आता शिकून घ्या."

आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळींची चौकट आली. मी तो अंक घेऊन मोठ्या रुबाबात तोंडवलीला गेलो. माफी मागायला जाताना माणसाला इतका रुबाब का येतो, कळत नाही.

रुक्मिणीकाकीनं जुनं कात्रण काढलं. त्यावर बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार. मग माझ्या चौकटीवर बोट ठेवलं. एक.

"ता चार बोटां. ह्या एक बोट."

"काकी, दुरुस्ती लहानच छापतात. पद्धत आहे तशी."

"चूक मोठी करूची आणि माफी ल्हान मागूची? कोणाची पद्धत ही?"

अहो, हेच तर मी बत्तीस वर्षं ओरडतोय! रस्त्याचं उद्घाटन पहिल्या पानावर आणि रस्ता खचल्याची बातमी सातव्या पानावर का, म्हणून मी तीन संपादकांशी भांडलो. मी पाटावरून उठून तिच्या पाया पडलो. तिला वाटलं, मी नाटक करतोय. "उठ, उठ. चार बोटां घेवन ये."

संपादक म्हणाले, "काका, ती जागा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या जाहिरातीची आहे."

"वाढदिवस पुढच्या वर्षी परत येईल. रुक्मिणीकाकीचा राग आणखी किती वर्षं ठेवायचा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग जाहिरात पलीकडच्या पानावर ढकलली. त्या मुलाचे माझ्यावर उपकार आहेत. मी त्याच्याशी एरवी रोज भांडतो, म्हणून इथं लिहून ठेवतो. तेवढ्याच रुंदीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत मथळा आला : 'आसरांचं गाणं दोघींचं, चूक आमची.' खाली दोघींची पूर्ण नावं. कुणाचं आधी घालायचं, यावर आम्ही दोघं तासभर बसलो होतो. शेवटी आडव्या एकाच ओळीत घातली.

रुक्मिणीकाकीनं बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार.

"हां. आता बरोबर." मग लगेच, "पण मी तिच्या घराक जावची नाय."

"नका जाऊ."

"ती हय येवची नाय."

"नको येऊ दे."

"मगे गाना काय वाऱ्यार म्हणूचा?"

मी पडवीतून बाहेर बघितलं. बाहेर गडगा होता.

*

सुलूकाकीनंही तो अंक वाचला होता. तिनं तो घडी करून बाजूला ठेवला. फक्त विचारलं, "कदी?"

सकाळी, वारा उठायच्या आत. केदारनं गडग्यावर गोधडीची घडी ठेवली आणि तिच्यावर माइक. एक तोंड इकडं, एक तिकडं. या बाजूच्या पडवीत सुलूकाकी, त्या बाजूच्या पडवीत रुक्मिणीकाकी. दोघी आपापल्या खुर्चीवर, पाठी ताठ, नजरा समोरच्या माडावर. बाबलनं पखवाज आणलाच नव्हता. फ्रान्सिस सरांनी व्हायोलिनची पेटी उघडलीच नाही.

त्या सकाळी मी गडग्याला टेकून उभा होतो आणि मला जन्मात पहिल्यांदा कुणाशी भांडावंसं वाटत नव्हतं. माझ्या चुकीसकट मला इथं उभं राहू दिलं होतं या माणसांनी. आणखी काय पाहिजे?

सुलूकाकीनं सुरू केलं. "आसरे बाये गो, चेडवाच्या लग्नाक पाटल्यो उसन्यो दी..."

आवाज गडग्यावरून गेला. श्वास संपला तिथं, अर्ध्या क्षणाचीही फट न ठेवता, पलीकडून आला : "दितंय गो बाये, दितंय, परत कदी हाडतलंस?"

एकोणीस वर्षं एकत्र म्हटलं नव्हतं. एकीनं सोडलेला सूर दुसरी जिथल्या तिथं उचलत होती. पाटल्या झाल्या. ठुशी झाली. नथ झाली. लग्न लागलं. मग काठावरची आई सगळं परत द्यायला कोंडीवर आली. एकेक दागिना पाण्यात गेला. शेवटी नथ आणली.

"आसरे बाये गो, नथ हाडली गो, पाण्यात सोडू की हातार दिवू?"

पलीकडून काही आलं नाही.

आम्ही थांबलो. मी टाचा उंचावून बघितलं. रुक्मिणीकाकीचे ओठ हलत होते, पण ओळ सापडत नव्हती. शेवटची ओळ. तिची. केदारचा हात मशीनकडं गेला. फ्रान्सिस सरांनी त्याचं मनगट धरलं.

सुलूकाकीनं मान वळवली नाही. तीच ओळ, त्याच सुरात, त्याच संथपणे पुन्हा म्हटली. "नथ हाडली गो, पाण्यात सोडू की हातार दिवू?"

काही नाही.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. बाबल डोळे मिटून बसला होता. उत्तर माझ्या जिभेवर होतं, मी ते तिथंच ठेवलं. पाचव्यांदा म्हणताना सुलूकाकीचा आवाज थोडा चिरला, तरी चाल तीच.

आणि पलीकडून, अगदी सावकाश, पाण्यातून वर यावं तसं :

"रवांदे गो बाये... चेडवाच्या नाकार बरी दिसता."

 केदारनं डोळे पुसले आणि पडवीत जाऊन हळू आवाजात विचारलं, "आजी, ती ओळ तर तुम्हाला येत होती ना? एक शब्द सांगितला असता तर..."

सुलूकाकीनं तोंड गडग्याकडं केलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"माका खंय येता? ती ओळ माका कदी येयच नाय होती!"

माइक अजून चालू होता. गडग्याच्या पलीकडून एकोणीस वर्षांतला पहिला शब्द आला.

"खोटारडी!"